वसतिगृहात विद्यार्थी-सहायक पदासाठी अर्ज करतेय. ऑटिस्टिक आहे हे मुलाखतीत सांगू का?

शांतखोली
रविवार, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसती वाचते, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबलं तर सांभाळून घ्या.

मी मूळची तासगावकडची. पुण्यात एमएस्सी करतेय, जुलैत दुसऱ्या वर्षाला जाईन. बीएस्सीपासून एकाच वसतिगृहात राहतेय. नाव लिहीत नाही. आमच्याकडे दरवर्षी प्रत्येक मजल्यावर एक विद्यार्थी-सहायक नेमतात. रात्रीची हजेरी, नाइट-आउटची वही, नळ-गीझर-पंख्यांच्या तक्रारी, नव्या मुलींची घडी बसवून देणं, कुणी आजारी पडलं तर दवाखान्यात नेणं ही कामं. त्याबदल्यात खोलीभाडं माफ आणि मेसचं अर्धं बिल माफ. बाबांची द्राक्षबाग दोन वर्षं अवकाळीत गेली, त्यामुळे हे पैसे मला खरंच हवेत. पण फक्त पैशांसाठी नाही. मला हे काम आवडेल, आणि बरंचसं मी आत्ताही करतेच.

विसाव्या वर्षी माझं ऑटिझमचं निदान झालं. मानसोपचारतज्ज्ञ आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट दोघांनी मिळून केलेलं, लेखी अहवाल आहे. दिव्यांग प्रमाणपत्र काढलेलं नाही. चारजणी एकदम बोलल्या की मला एकीचंही समजत नाही. डोळ्यांत बघून बोलायचं म्हटलं की वाक्य हरवतं. आयत्या वेळी ठरलेलं बदललं की सावरायला पाच-दहा मिनिटं लागतात. फोनवर बोलणं जड जातं. ढोल-ताशाचं तर विचारूच नका.

गेल्या वर्षीही अर्ज केला होता, काही न सांगता. समोर तिघं होते. पहिलाच प्रश्न, "समज दोन मुली भांडतायत, तू काय करशील?" मी विचारलं, "कशावरून भांडतायत?" ते हसले. मला खरोखर माहीत करून घ्यायचं होतं, कारण त्याशिवाय उत्तर देता येत नाही. मग माझं सगळंच अडखळलं. शेवटी त्यांच्यातले एक म्हणाले, "तू समोर बघून बोलत नाहीस. मुली तुला विश्वासाने काय सांगणार?" निवड झाली नाही. ते वाक्य वर्षभर डोक्यात आहे.

आता रेक्टर मॅडम नवीन आहेत. मुलाखत येत्या गुरुवारी. सांगावं की नाही, सांगायचं तर आधी की समोर बसल्यावर, आणि प्रश्न आधी लेखी मागितले तर चालतं का?

अजून एक. मराठीत 'स्वमग्न' म्हणतात ना, त्या शब्दाची मला भीती वाटते. ऐकणाऱ्याला वाटतं ही स्वतःतच मग्न, हिला दुसऱ्याचं काय पडलंय. आणि हे काम तर सगळं दुसऱ्यांकडे लक्ष द्यायचं आहे.

---

तळमजला
रविवार, रात्री ११.१५

अजिबात सांगू नकोस. मला फिट्स येतात, औषधाने तीन वर्षं पूर्ण काबूत आहेत. कॉलेजच्या शिबिरात गटप्रमुख म्हणून नाव लागलं होतं, मी प्रामाणिकपणे सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी "तुझ्या तब्येतीला त्रास नको" म्हणून नाव काढलं. काळजीच्या आवाजात नकार देतात, भांडताही येत नाही. आधी पद पदरात पाडून घे, मग हळूहळू सांग.

---

माजी_रेक्टर
सोमवार, सकाळी ६.२०

बाळा, तुझा धागा रात्रीच वाचला, पण नीट लिहायचं होतं म्हणून सकाळी लिहितेय. मी पुण्यात मुलींच्या वसतिगृहात एकोणीस वर्षं रेक्टर होते. असे सहायक नेमायच्या मुलाखती दर जूनमध्ये घेतल्या.

पहिलं म्हणजे तुझा "कशावरून भांडतायत?" हा प्रश्न बरोबर होता. दोरीवरचे कपडे काढून पलंगावर फेकले म्हणून होणारं भांडण वेगळं, पहाटे पाचचा गजर लावून स्वतः झोपून राहते म्हणून होणारं वेगळं, आणि तिघींच्या खोलीत दोघींनी एकीला वाळीत टाकल्यामुळे होणारं फारच वेगळं. पहिली दोन मिटतात. तिसऱ्यात खोली बदलावी लागते, नाहीतर ती मुलगी आधी जेवण सोडते आणि मग कॉलेज. मुलाखतीत गोलमोल प्रश्न विचारायचा आणि गोलमोल उत्तर आलं की खूश व्हायचं, ही आमच्या लोकांची जुनी खोड आहे.

दुसरं, डोळ्यांत बघण्याचं. माझ्या वेळी सगळ्यात बोलघेवड्या, सगळ्यांच्या लाडक्या मुली सहायक व्हायच्या. त्यांच्यातल्या काही फार चांगल्या निघाल्या. पण उशिरा येणाऱ्या मैत्रिणींची हजेरी परस्पर लावणाऱ्याही त्यांच्यातच निघाल्या, कारण त्यांना कुणाला नाही म्हणता येत नसे. मला आठवणारी सर्वांत भरवशाची सहायक जेमतेम बोलायची. रोज रात्री मेसमधून जाताना ती कोणाचं ताट उचललं गेलेलं नाही ते बघायची आणि मला येऊन खोलीचा नंबर सांगायची. बस्स, इतकंच. एका वर्षात तिच्यामुळे दोन मुलींची आजारपणं वेळेत कळली.

मी साताऱ्याची. आमच्याकडे लहानपणापासून ऐकत आलो की कर्मवीर भाऊराव पाटलांच्या बोर्डिंगमध्ये धान्य संपलं तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रसुद्धा विकलं, पण पोरांना उपाशी ठेवलं नाही. वसतिगृह चालवणं म्हणजे मूळात कोण जेवलं आणि कोण नाही याचा हिशेब ठेवणं, असं मी तरी मानत आले.

आता अवघड प्रश्न, आणि तो ते विचारणारच. रात्री दोनला कुणाला काही झालं, जिन्यात दहा-बाराजणी जमल्या, अर्ध्या रडतायत, सगळ्या एकदम बोलतायत. तू काय करशील? मला इथे खरं उत्तर लिही. छान उत्तर नको.

---

शांतखोली
सोमवार, सकाळी ८.०५

काकू, हे झालेलं आहे. गेल्या ऑक्टोबरात.

आमच्या मजल्यावरच्या एका मुलीला दमा आहे. रात्री पावणेदोनला तिच्या रूममेटने दार वाजवलं. इन्हेलर संपलेला होता. मी गेले तेव्हा खोलीत आठजणी होत्या आणि तिला आडवं करत होत्या. मला दम्यात बसवून ठेवायचं एवढं माहीत होतं, म्हणून तिला बसवलं, पुढे उशी दिली. आवाज सहन होत नव्हता. ओरडले नाही, मला ओरडता येत नाही. एकेकीच्या दंडाला हात लावून एकेक काम दिलं. तू वॉचमनकाकांना उठवून फाटक उघडून ठेव. तू रेक्टरना बोलाव. तू तिची फाइल आणि आधार कार्ड काढ. तू खाली रस्त्यावर टॉर्च घेऊन थांब. तू दोन नंबरच्या खोलीत इन्हेलर आहे का विचार. खोली रिकामी झाली आणि मला विचार करता यायला लागला.

१०८ ला फोन मीच केला. माझ्या दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवलेला आहे, पहिल्या वर्षापासून. त्यावर वसतिगृहाचा पूर्ण पत्ता, खुणेची जागा, गाडी कुठल्या गल्लीतून आत येते आणि फोनवर बोलायची चार वाक्यं. फोनवर मला सुचत नाही म्हणून लिहून ठेवलं होतं. ते वाचून दाखवलं.

ती आता बरी आहे. दुसऱ्या दिवशी मी कॉलेजला गेले नाही, दिवसभर अंधार करून पडून होते. तेही खरंच सांगतेय.

---

माजी_रेक्टर
सोमवार, सकाळी ८.३०

अगं, हेच सांग. शब्दन् शब्द. दुसऱ्या दिवशी पडून होतीस तेही सांग. आम्हीही पडून असायचो, फक्त दार लावून.

---

काळा_कोट
सोमवार, दुपारी १.५०

वकिली करतो, दिव्यांग हक्कांची काही प्रकरणं पाहिली आहेत, म्हणून थोडं कायद्याचं.

१९९५ च्या जुन्या कायद्यात ऑटिझम नव्हता. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने यादी २१ प्रकारांची केली, त्यात तो स्पष्ट आहे. हा कायदा एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्यातली 'वाजवी सोय' ही कल्पना तुझ्या कामाची. संस्थेवर बेसुमार भार न पडता करता येण्याजोगा बदल म्हणजे वाजवी सोय, आणि ती नाकारणं हाच भेदभाव, असं व्याख्येतच लिहिलं आहे. प्रश्न अर्धा तास आधी कागदावर देणं यापेक्षा स्वस्त सोय कुठली असेल?

आरक्षणासारख्या लाभांना ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. सोयीसाठी मात्र तो उंबरठा नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार विरुद्ध यूपीएससी या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच ठणकावून सांगितलं. लिहिताना हात आखडणाऱ्या उमेदवाराला लेखनिक नाकारला होता, कारण तो ४० टक्क्यांत बसत नव्हता. न्यायालयाने लेखनिक द्यायला लावला.

तरी सल्ला असा की कलमांची भाषा पहिल्या पत्रात नको. आधी साधी विनंती. नकार आला तर लेखी मागून घे. तक्रारीची वेळ आलीच तर राज्याचं दिव्यांग कल्याण आयुक्तालय आपल्या पुण्यातच, कॅम्पात आहे.

---

एका_मुलाची_आई
सोमवार, दुपारी ४.१०

माझा मुलगा सोळा वर्षांचा आहे, ऑटिस्टिक. त्याच्या प्रमाणपत्रासाठी सरकारी रुग्णालयात तीन खेपा घातल्या. चाळीस मुद्द्यांचा तक्ता भरतात, त्यातलं पुष्कळसं लहान मुलांवर बेतलेलं. विशीतल्या, शिकलेल्या, नीट बोलणाऱ्या मुलीला तिथे काय म्हणतील याची मला धास्ती वाटते. पण काढून ठेव गं, पुढे नोकरीच्या अर्जांना लागेल.

दारामागच्या कागदाचं वाचून मी रडले. माझ्या मुलाने जिन्याखालच्या मीटरच्या पेटीवर कुठलं बटण कुठल्या घराचं ते लिहून ठेवलंय. सोसायटीतले हसले होते. मे महिन्यात लाइट गेले तेव्हा सगळे तोच कागद शोधत आले.

गणपतीच्या दहा दिवसांत तू काय करशील? आम्ही तर गाव गाठतो.

---

मिडवेस्टकर
मंगळवार, पहाटे ५.३०

मी अमेरिकेत मास्टर्स करताना दोन वर्षं हे काम केलं. इथे याला रेसिडेंट असिस्टंट म्हणतात, सगळे 'आरए'च म्हणतात. मला राहण्याची खोली आणि जेवणाचा प्लॅन मिळायचा, म्हणून आमच्यासारख्या मुलांच्या त्यावर उड्या पडायच्या. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला वीसच तास काम करता येतं, तो हिशेबही सांभाळावा लागे.

सांगण्यासारखं म्हणजे निवडीची पद्धत. आधी गटात बसवून एखादा खेळ किंवा कोडं देतात आणि कोण कसं वागतं ते बघतात. मग प्रशिक्षणात 'बंद दारामागे' नावाचा सराव असतो. जुने आरए खोलीत नाटक करतात, एक दारू पिऊन पडलेला, एक रडतोय, दोघं भांडतायत. तुम्ही दार वाजवून आत जायचं आणि निभवायचं. माझ्याबरोबरचा एक आरए ऑटिस्टिक होता. नाटकातलं भांडण त्याला जमलं नाही, सगळे खोटं खोटं करतायत हे दिसत असताना खरं कसं वागायचं ते कळेना. त्याने विद्यापीठाच्या अपंग-सेवा कार्यालयामार्फत मागितलं की प्रसंग आधी लिहून द्या. इथे अपंगांच्या हक्कांच्या १९९० च्या कायद्यामुळे हे मागणं नेहमीचं आहे. दिलं. पुढे खऱ्या रात्री तो आमच्यात सगळ्यात शांत असायचा, ठरलेली पायरी तो कधी चुकवत नसे.

गप्पागोष्टींचे कार्यक्रम मात्र त्याला झेपत नसत. ते मी घ्यायचो आणि माझ्या नोंदवह्या तो भरायचा. दोघांचंही भागलं.

---

कोथरूडचा
मंगळवार, सकाळी ९.४५

थोडं विरोधी बोलतो, राग मानू नका. मी मुलांच्या वसतिगृहात एक वर्ष हे काम केलंय. मुलाखत ही त्यातली सोपी गोष्ट. अवघड आहे ते दार. सकाळी सहाला गीझर चालत नाही म्हणून, दुपारी झोपलास का म्हणून, रात्री एकला "किल्ली आत राहिली" म्हणून सतत दार वाजतं. मला कुठलंच निदान नाही, तरी फेब्रुवारीपर्यंत दारावर टकटक झाली की छातीत धडधडायचं. अभ्यास बुडाला, दोन विषय राहिले. तुला ऑक्टोबरातल्या एका रात्रीनंतर दिवसभर पडून राहावं लागलं. अशा रात्री सत्रात सात-आठ येतात. पद मिळवायचं कसं हे सगळे सांगतायत, टिकायचं कसं हेही आत्ताच ठरव.

---

शांतखोली
मंगळवार, रात्री ९.२०

कोथरूडचा, राग नाही आला. तुम्ही लिहिलंत तेच मला रात्री झोपू देत नव्हतं, फक्त शब्दांत येत नव्हतं.

दिवसभर बसून हे ठरवलंय. दारावर पाटी लावेन: तक्रारी सकाळी ७ ते ८ आणि रात्री ९ ते १०. बाकी वेळी तक्रारवहीत लिहा, वही दारालाच टांगलेली असेल. आजार, आग, पाणी, भांडण यांसाठी कधीही वाजवा. लिहून आलेली तक्रार मला पटकन कळते, तोंडी आलेली अर्धी निसटते, त्यामुळे वही त्यांच्याही फायद्याची.

गणपतीबद्दल: विसर्जनाच्या मिरवणुकीची रात्र मला जमणार नाही. कान बंद करूनही छातीत ढोल वाजतो. ती रात्र दुसऱ्या कुठल्या तरी मजल्याच्या सहायकाने घ्यावी, त्याबदल्यात दिवाळीत सगळ्या घरी पळतात तेव्हा धनत्रयोदशीपर्यंत तिन्ही मजले मी बघेन. रिकामं वसतिगृह मला आवडतं. त्या दिवसांत पाण्याच्या टाकीचा आवाजसुद्धा वरच्या मजल्यापर्यंत येतो, टाकी भरत आली की तो बारीक होत जातो. मोटर बंद करायची वेळ मी त्यावरून सांगते.

रेक्टर मॅडमना असा मेल लिहिलाय. बघाल का कुणी?

"आदरणीय मॅडम, गुरुवारी विद्यार्थी-सहायक पदाच्या मुलाखतीला मी येत आहे. मी ऑटिस्टिक आहे. त्यामुळे अनेकजण एकदम बोलले तर मला समजायला वेळ लागतो आणि बोलताना मी समोर न बघता टेबलाकडे बघते. माझं लक्ष मात्र पूर्ण असतं. कृपया प्रश्न अर्धा तास आधी कागदावर मिळावेत आणि एका वेळी एकाच व्यक्तीने प्रश्न विचारावा, ही विनंती. होणाऱ्या गैरसोयीबद्दल मी मनापासून क्षमा मागते. गेली चार वर्षं याच वसतिगृहात राहत असल्याने मी केलेल्या कामांची यादी सोबत जोडली आहे."

---

माजी_रेक्टर
मंगळवार, रात्री ९.५०

क्षमेचं वाक्य काढ. बाकी एक अक्षर बदलू नकोस. आणि यादीत इन्हेलरची रात्र पहिली घाल, 'कमवा आणि शिका' योजनेत काही काम केलं असशील तर तेही घाल.

---

शांतखोली
मंगळवार, रात्री ९.५८

काढलं. ग्रंथालयात दोन वर्षं केलंय 'कमवा आणि शिका'त, घातलं. पाठवलं. हात थरथरतायत.

---

तळमजला
बुधवार, सकाळी ७.३०

मी सांगू नकोस म्हणाले होते. तुझा मेल वाचून वाटलं, मीही असं लिहायला हवं होतं, कशासाठी काय हवंय ते. मी फक्त आजाराचं नाव सांगून थांबले होते. उत्तर आलं की लगेच लिही.

---

शांतखोली
शुक्रवार, रात्री ८.१५

उशीर झाला, काल काही लिहायची ताकद नव्हती.

मेलला उत्तर दोनच ओळींचं आलं: "साडेदहाला ये, प्रश्न ऑफिसात मिळतील. मुलाखत अकराला." ऑफिसात पाच प्रश्नांचा कागद दिला आणि बसायला जिन्याजवळची खुर्ची. एक प्रश्न माजी रेक्टर काकूंनी सांगितला तसाच होता.

मुलाखतीला मॅडम आणि एक प्राध्यापक. प्राध्यापकांनी कागदाबाहेरचा प्रश्न विचारलाच, "मुली तुझ्याशी मोकळेपणी बोलतील का?" वर्षभरापूर्वीचंच वाक्य, थोडं मऊ केलेलं. मी टेबलाकडे बघत सांगितलं की आमच्या मजल्यावर कोणती मुलगी परीक्षेच्या आधी जेवत नाही, कोण रविवारी घरी फोन झाल्यावर खोलीबाहेर येत नाही, कुणाला रात्रपाळीवाले बाबा असल्याने पहाटे फोन येतात, हे मला माहीत आहे. त्यांतल्या काहींनी सांगितलं, काहींचं बघून कळलं. नावं विचारलीत तर सांगणार नाही. ते काही बोलले नाहीत, लिहून घेतलं.

विसर्जनाच्या रात्रीचं मी आपणहून सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "ती रात्र मलाही नको असते." दिवाळीची अदलाबदल त्यांनी लगेच मान्य केली. पाटीवर मात्र अडल्या. म्हणाल्या, नव्या मुली पहिला महिना वहीत लिहिणार नाहीत, लाजतील, जुलैभर दार उघडं ठेवावं लागेल. मला ते पटलं. जुलैभर ठेवेन, कठीण जाईल.

आज दुपारी सूचनाफलकावर यादी लागली. दुसरा मजला माझा. पहिलं सत्र बघून मग वर्षाचं ठरवणार आहेत, तिघींनाही तोच नियम आहे.

बाबांना फोन केला. त्यांना ऑटिझम वगैरे अजून नीटसं पटलेलं नाही. ते म्हणाले, "भाडं वाचलं होय?" आणि मग बराच वेळ फोन ठेवलाच नाही.

---

एका_मुलाची_आई
शुक्रवार, रात्री ८.४०

मुलाला वाचून दाखवलं. त्याने विचारलंय, ताईच्या मजल्यावर खोल्या किती?

---

शांतखोली
शुक्रवार, रात्री ८.५५

त्याला सांगा चोवीस. आणि ऑफिसातल्या फळीवर चोवीस जादा किल्ल्या आहेत, एकसारख्या, नंबर पुसलेले. रात्री एकला किल्ली शोधायची तर ते मला चालणार नाही. रंगीत टॅग आणि नंबरचे पत्रे पुण्यात कुठे मिळतील? रविवारी जायचा विचार आहे.

---

कोथरूडचा
शुक्रवार, रात्री ९.१०

बोहरी आळीत मिळतील. पण रविवारी जाऊ नकोस. सोमवारी दुकानं उघडता उघडता जा, तेव्हा गर्दी नसते.